भंगार, रद्दी आणि पुनर्वापराच्या मालाचा धंदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोदाम टाकू पाहणारी तरुण मुलं, वडिलांचं दुकान हातात घेतलेले लोक आणि सोसायट्यांचा सुका कचरा उचलणारे बचत गट यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. उत्तरं महाराष्ट्रात धंदा करणाऱ्यांना धरून लिहिली आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भंगाराचा धंदा सुरू करायचा आहे. भांडवल किती लागतं?

कोणत्या पायरीवर उभं राहायचंय त्यावर ते ठरतं. दारोदार फेरी मारणाऱ्याला हातगाडी किंवा टेम्पो, काटा आणि दिवसाच्या खरेदीपुरती रोकड पुरते. दुकानदार फेरीवाल्यांकडून आणि घरांतून माल घेतो. त्याच्यावर ठोक गोदामवाला असतो, तो एकाच प्रकारचा माल गाडीभर साठवतो. प्लास्टिक दळणारे, गाठी बांधणारे, धातू वितळवणारे त्याच्याही वरचे.

नवा माणूस बहुतेक वेळा मशीन आणि शेड यांचा हिशेब करतो आणि खेळतं भांडवल विसरतो. खरेदी रोज आणि रोखीने होते. विक्रीचे पैसे मात्र कारखाना पंधरा दिवस, महिना, कधी त्याहून जास्त थांबून देतो. या मधल्या काळात काटा चालू ठेवायला पैसा हवा. एक गाडी वाटेत, एक गाडी भरत आलेली आणि एका गाडीचं बिल अडकलेलं, असं धरून निदान तीन गाड्यांच्या खरेदीची रक्कम हाताशी असू द्या. तेवढी नसेल तर एक पायरी खालून सुरुवात करा.

२. आधी कोणता माल घ्यावा? सगळंच घेतलं तर?

दुकान असेल तर गिऱ्हाईक घरातलं सगळं एकदम आणतं, त्यामुळे सगळंच घ्यावं लागतं. ठोकात मात्र एक-दोन मालच धरा. पुठ्ठा आणि रद्दी शिकायला सोपी, पण जागा खातात आणि पाण्याला भितात. लोखंड खराब होत नाही, भाव पडला तर थांबता येतं. तांब्या-पितळेची मोड कमी जागेत जास्त पैसा देते, पण चोरीच्या मालाचा धोका तिथेच सर्वाधिक (प्रश्न ११). प्लास्टिकमध्ये कमाई आहे ती ओळखणाऱ्याची (प्रश्न ७).

पाहण्याची गोष्ट एकच : तुमच्यापासून टेम्पोच्या एका फेरीत पोहोचेल असा पक्का खरेदीदार कोणत्या मालाला आहे? आधी विकण्याची जागा शोधा, मग घेण्याची.

३. जागा गावाबाहेर स्वस्तात मिळते आहे. घेऊ का?

भाडं पाहण्याआधी कागद पाहा. जमीन शेती विभागात आहे की औद्योगिक, बांधकामाला परवानगी आहे का, नदीची पूररेषा कुठे येते, हे स्वतः जाऊन विचारा. ‘सगळेच असे बसलेत’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराची शेकडो गोदामं वर्षानुवर्षं चालली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने मोठी कारवाई करून तिथली हजारो बांधकामं पाडली. भाडेकरू असलेल्यांचा मालही गेला आणि गिऱ्हाईकही तुटलं. ज्यांच्याकडे नोंदणीकृत भाडेकरार नाही, त्यांना दाद मागायलाही आधार उरत नाही.

बाकी गाडी वळेल एवढा रस्ता, जमिनीवर काँक्रीटचा कोबा, पावसाचं पाणी बाहेर जाईल असा उतार आणि डोक्यावरून उच्चदाबाची तार गेलेली नसणं, एवढं तरी हवंच.

४. परवाने कोणते लागतात?

फक्त खरेदी-विक्री असेल तर यादी छोटी आहे. दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंद किंवा सूचना, स्थानिक महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा परवाना किंवा ना-हरकत, उलाढालीप्रमाणे जीएसटी (प्रश्न ९), आणि काट्याचं मुद्रांकन (प्रश्न ५). उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

माल धुणं, दळणं, वितळवणं, सुटा करणं यातलं काहीही करणार असाल तर चित्र बदलतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उभारणीसाठी एक आणि चालवण्यासाठी दुसरं अशी संमतिपत्रं घ्यावी लागतात. ग्राइंडर बसवून झाल्यावर अर्ज करू असं म्हणणाऱ्यांची यंत्रं बंद पडून राहतात, कारण पहिली संमती उभारणीच्या आधीची आहे.

५. काट्याचं मुद्रांकन खरंच गरजेचं आहे का?

हो. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वैध मापन शास्त्र विभागाकडून तपासून घ्यावा लागतो आणि प्रमाणपत्र दिसेल असं लावावं लागतं. कायद्यापलीकडचंही एक कारण आहे. या धंद्याची बदनामी सर्वांत जास्त काट्यावरून झाली आहे. काट्याचा आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवा, त्याने आणलेली पाच किलोची पिशवी त्याच्यासमोर दोनदा तोला. चोख काट्याच्या दुकानात कचरावेचक बायका दोन रुपये कमी भाव असला तरी येतात, कारण एकूण हातात पडणारे पैसे त्यांना बरोबर कळतात.

गाडीचं वजन करताना कारखान्याच्या काट्यावर विसंबू नका. निघताना बाहेरच्या वे-ब्रिजवर भरलेल्या गाडीची पावती घ्या आणि ती बिलाला जोडा.

६. भाव रोज कसा ठरतो? आणि खरा नफा किती सुटतो?

तांबं आणि अॅल्युमिनियम लंडनच्या धातू बाजाराकडे आणि डॉलरच्या दराकडे पाहून हलतात. लोखंडाच्या भंगाराला आपल्याकडे जालना मोठा आधार आहे. तिथल्या भट्ट्या भंगार वितळवून सळ्या करतात. पावसाळ्यात बांधकामं मंदावली की सळईची मागणी घटते आणि भंगाराचा भावही खाली येतो. पुठ्ठ्याचा भाव वापी भागातल्या कागद गिरण्यांच्या मागणीवर आणि परदेशातून येणाऱ्या रद्दीवर चढतो-उतरतो. दिवाळीआधी खोक्यांची मागणी वाढते, त्याच सुमारास घरोघरच्या आवरासावरीतून मालही निघतो.

नफ्यासाठी एक हिशेब मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, १,००० किलो पुठ्ठा १० रुपयांनी घेतला : १०,००० रुपये. निवडणं आणि हमाली ६००, गाडीभाडं १,२००. एकूण ११,८००. गिरणीने ओल आणि घाणीपोटी ८ टक्के कटती केली, म्हणजे ९२० किलोचे १४ रुपयांनी १२,८८० मिळाले. हातात १,०८०. आता कटती ८ ऐवजी १२ टक्के झाली तर मिळतात १२,३२० आणि हातात उरतात ५२०. चार टक्के ओलीने निम्म्याहून जास्त नफा खाल्ला. अजून गाळ्याचं भाडं, वीज आणि अडकलेल्या पैशाचं व्याज यात धरलेलंच नाही.

म्हणून भावावर घासाघीस करण्यापेक्षा कटतीवर लक्ष ठेवा. पुठ्ठा पॅलेटवर ठेवा, थेट जमिनीवर नको. माल घेताना गठ्ठ्याच्या मधोमध हात घालून पाहा, कारण बाहेरची दोन खोकी कोरडी ठेवणं कुणालाही जमतं. आणि गाडी पाठवण्याआधी कटतीचा नियम गिरणीकडून लेखी घ्या, निदान मोबाइलवर संदेश म्हणून तरी.

७. प्लास्टिक ओळखायचं कसं? सगळं सारखंच दिसतं.

तळाशी त्रिकोणात आकडा असतो : १ पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरिन, ७ इतर. आकडा नसेल तर पाण्याची चाचणी. एक तुकडा कापा, साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडा. पीपी आणि पीईचे प्रकार (एचडीपीई, एलडीपीई) वर येतात. पेट, पीव्हीसी आणि पॉलिस्टायरिन तळाला बसतात. पाण्याच्या बाटलीवर करून पाहा, बाटली बुडते आणि झाकण तरंगतं. अपवाद लक्षात ठेवा : खुर्च्या, गाडीचे भाग यांत भुकटी मिसळलेलं पीपी असतं, ते बुडू शकतं.

सर्वांत जास्त काळजी पेटमध्ये पीव्हीसी जाऊ नये याची घ्या. दोन्ही पारदर्शक असू शकतात, दोन्ही बुडतात, म्हणून पाणी इथे मदत करत नाही. पेट वितळतं त्या तापमानाला पीव्हीसी कुजून आम्ल सोडतं आणि सगळा घाणा पिवळा-काळा होतो. थोड्या तुकड्यांनी पूर्ण लॉट परत येतो. वाकवून पाहा : पीव्हीसी वाकतं तिथे पांढरी रेघ उमटते. काही जण काडी लावून वासावरून ओळखतात. तसं करू नका. पीव्हीसीचा धूर फुप्फुसात जातो आणि हे काम तुम्ही रोज करणार आहात.

८. चिप्सची पाकिटं, थर्माकोल, टेट्रापॅक याला गिऱ्हाईक आहे का?

चिप्स-बिस्किटांच्या चमकत्या पाकिटांत प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. भंगाराच्या भावात ती कुणी घेत नाही. महापालिकेमार्फत किंवा कंपन्यांच्या ईपीआरच्या (आपल्या वेष्टनाचा कचरा निपटण्याची उत्पादकावरची जबाबदारी) पैशावर ती सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत जातात. सोसायटीचा सुका कचरा उचलण्याचा करार करताना या बिनभावाच्या मालाचा वाहतूक खर्च वेगळा लावून घ्या, नाहीतर तो तुमच्या पुठ्ठ्याच्या नफ्यातून जाईल. थर्माकोल हलकं, एका टेम्पोत काही किलोच मावतं. जवळ दाबून ठोकळे करणारं यंत्र असेल तरच हात घाला. टेट्रापॅकला मोजके प्रक्रियादार आहेत, त्यांच्याशी आधी बोलून मगच साठवा.

९. जीएसटी नोंदणी कधी करावी लागते? नोंदणी नसलेल्याकडून माल घेतला तर?

राज्यातल्या राज्यात मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर सक्ती नाही. पण पुष्कळ जण इथे फसतात : माल राज्याबाहेर विकला तर पहिल्या गाडीपासून नोंदणी लागते. वापी गुजरातमध्ये आहे. पालघरच्या गोदामातून तासाभराच्या अंतरावर पुठ्ठा पाठवला तरी ती आंतरराज्य विक्री आहे.

धातूच्या भंगाराचा नियम १० ऑक्टोबर २०२४ पासून बदलला. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने नोंदणी नसलेल्या पुरवठादाराकडून लोखंड, तांबं, अॅल्युमिनियम असं भंगार घेतलं की त्यावरचा १८ टक्के कर खरेदीदाराने स्वतः भरायचा. तो रोखीने भरावा लागतो, जमा क्रेडिटमधून (खरेदीवर भरलेल्या कराची मिळणारी वजावट) वळता करता येत नाही. भरल्यावर मग क्रेडिट मिळतं. दोघेही नोंदणीकृत असतील आणि धातूच्या भंगाराचा करार अडीच लाखांच्या वर असेल तर खरेदीदार २ टक्के टीडीएस कापतो, तो तुमच्या जीएसटी खात्यात दिसतो. महिन्याच्या महिन्याला तपासा. घरच्या माणसाने जुनी कढई मोडीत दिली तर तो त्याचा धंदा नव्हे, म्हणून तिचा विचार वेगळा होतो. अशा खरेदीची वही स्वतंत्र ठेवा आणि सीएला दाखवा.

कंपोझिशन योजना (छोट्या व्यापाऱ्याने उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायचा) सोपी वाटते, पण त्यात गिऱ्हाइकाला क्रेडिट मिळत नाही. मोठा कारखाना मग तुमचा माल घेत नाही.

माल न देता नुसतं बिल विकणारे या धंद्यात फिरतात. विक्रेत्याने कर भरलाच नाही तर तुम्ही घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत द्यावं लागतं. ज्याचं गोदाम पाहिलेलं नाही त्याचं बिल घेऊ नका.

१०. सगळा व्यवहार रोखीचा आहे. चालेल का?

छोट्या खरेदीला चालतो. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिलीत तर आयकरात तो खर्च धरला जात नाही, म्हणजे त्या पूर्ण रकमेवर नफा समजून कर बसतो. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेणं तर मनाईच आहे. फेरीवाल्यांना यूपीआयने पैसे द्यायची सवय लावा, पण ज्यांना रोख हवी त्यांच्यावर सक्ती नको. दोनशे रुपयांचा माल विकून त्याच पैशात संध्याकाळचं रेशन घेणारी बाई बँकेची वाट पाहू शकत नाही.

गाडी पाठवताना ई-वे बिलाची (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) मर्यादा पाहा : राज्याबाहेर ५० हजारांच्या वर, महाराष्ट्रात एक लाखाच्या वर.

११. नकळत चोरीचा माल घेतला गेला तर दुकानदार अडकतो का?

अडकू शकतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ चोरीचा माल ठेवण्याबद्दल आहे. माहीत असणं किंवा तसं मानायला कारण असणं, दोन्ही त्यात येतं. रात्री अकरा वाजता, बाजाराच्या निम्म्या भावात, जळकी तार आणून देणाऱ्याला काही न विचारता पैसे दिले, तर ‘मला काय माहीत’ हे कोर्टात टिकणं कठीण. रेल्वेच्या मालासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि तो आणखी कडक : माल कायदेशीर मार्गाने आला हे ज्याच्याकडे सापडला त्यानेच दाखवायचं.

या वस्तू कागदाशिवाय घेऊच नका : गटाराची झाकणं, रेल्वेचे रूळ आणि क्लिपा, महावितरणची तार, रोहित्रातलं तांबं, पाण्याचे मीटर, मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या, देवळातल्या घंटा आणि समया. ग्रामीण भागात शेतपंपाची केबल यात पहिली. ऐन हंगामात केबल तोडली की एका शेतकऱ्याचं पीक जळतं, आणि ती केबल शेवटी कुणाच्या तरी काट्यावर येतेच. आपल्या काट्यावर ती येणार नाही, एवढं आपल्या हातात आहे.

वही अशी ठेवा : तारीख, वेळ, माणसाचं नाव, ओळखपत्राची प्रत, गाडी क्रमांक, मालाचा फोटो, वजन, रक्कम. कारखान्याचा माल असेल तर त्यांच्या लेटरहेडवरचं पत्र किंवा डिलिव्हरी चलन. पोलिस चौकशीला आले तर हीच वही तुमचा साक्षीदार.

१२. जुनी दुचाकी किंवा गाडी तोडून विकता येते का?

साध्या भंगाराच्या दुकानात नाही. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन मोडीत काढणाऱ्या केंद्रातच गाडी द्यायची, तिथून मालकाला ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि नोंदणी रद्द होते. कुणी आरसी शिवाय गाडी आणली तर प्रश्न ११ वाचा. गॅरेजमधून निघालेले सुटे पत्रे, बंपर, सायलेन्सर हा वेगळा माल, तो बिलावर घ्या.

१३. जुन्या बॅटऱ्या, मोबाइल, संगणक घेऊ का?

घेतलात तरी उघडू नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी नसताना ई-कचरा फोडून धातू काढणं त्यांत बसत नाही. शिसं-आम्ल बॅटरी उभी, न फोडता, आम्ल न सांडता ठेवा आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादाराला पावतीवर द्या. शिसं कपड्यांवरून घरी जातं आणि लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करतं. मोबाइलच्या फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या वाळूच्या डब्यात, पुठ्ठ्यापासून लांब (प्रश्न १७).

१४. रसायनांचे रिकामे ड्रम आणि दवाखान्यातलं प्लास्टिक स्वस्त मिळतं. घ्यावं का?

नाही. घातक रसायन लागलेले ड्रम २०१६ च्या नियमांत घातक कचरा म्हणूनच मोजले जातात. ते धुण्याचं काम प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या युनिटचं. हे ड्रम पुढे पाणी साठवायला घरात जातात, म्हणून हा विषय नुसत्या दंडाचा नाही. सलाइनच्या बाटल्या, सिरिंज, नळ्या जैववैद्यकीय कचऱ्यात येतात आणि सामाईक प्रक्रिया केंद्रातच जायला हव्यात. कचऱ्यात सुई आली तर निवडणाऱ्या बाईच्या हातात घुसते. आणून देणाऱ्याला एकदा सांगा, पुन्हा आणलं तर त्याचा बाकी मालही बंद करा.

१५. ईपीआर सर्टिफिकेट विकून पैसे मिळतात असं ऐकलं. मला मिळेल का?

प्लास्टिकच्या बाबतीत सर्टिफिकेट (इतक्या मालावर प्रक्रिया झाली याचा दाखला; ईपीआर काय ते प्रश्न ८ मध्ये) देण्याचा अधिकार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेल्या प्रक्रियादारालाच आहे. माल गोळा करणाऱ्याला ते मिळत नाही. पण फायदा तुमच्यापर्यंत येऊ शकतो. प्रक्रियादाराला आपली खरेदी बिलांनी दाखवावी लागते, त्यामुळे निवडलेला माल आणि चोख जीएसटी बिल देणाऱ्याला तो बाजारभावापेक्षा थोडं जास्त देऊ शकतो. तेवढं मागा.

१६. कचरावेचकांशी व्यवहार कसा ठेवावा? उचल द्यावी का?

हा सगळा धंदा त्यांच्या पाठीवर उभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

उचल द्यायची पद्धत जुनी आहे. मुलीचं लग्न, आजारपण, शाळेची फी यासाठी दुकानदाराकडून पैसे घेतले जातात. ते माणुसकीने दिलेत तर ठीक. पण उचल दिली म्हणून तिने माल तुम्हालाच, तुम्ही म्हणाल त्या भावात द्यायचा, असं ठरलं की ती वेठ झाली. उचलीची वही वेगळी ठेवा, रोजच्या मालाचा भाव बाजाराचा द्या आणि परतफेड ठरलेल्या हप्त्यात कापा.

पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करू लागली. ओळखपत्र, हातमोजे आणि ठरलेला परिसर मिळाला की माल स्वच्छ येतो, हे त्या कामातून दिसतं. उकिरड्यातून उचललेली बाटली आणि दारातून घेतलेली बाटली यांच्या भावातला फरक शेवटी तुमच्याच गोदामात पडतो.

चौदा वर्षांखालील मूल कामाला ठेवणं गुन्हा आहे. मूल आईबरोबर आलं तर त्याला निवडायला बसवू नका. पाण्याची सोय, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि सावली द्या, हे गोदामाच्या खर्चातच धरा.

१७. गोदामाला आग लागू नये म्हणून काय करावं? विमा मिळतो का?

पुठ्ठा, प्लास्टिक आणि बॅटऱ्या यांच्यात मोकळा पट्टा ठेवा, ढिगांची उंची मर्यादित ठेवा, वेल्डिंग आणि गॅस कटिंग मालापासून दूर, आत विडी-सिगारेट बंद. सेंट आणि रंगाचे डबे, गॅसच्या टाक्या दाबयंत्रात जाऊ देऊ नका. तांब्यासाठी तार जाळणं पूर्णपणे टाळा. आगीचा धोका आहेच, शिवाय पीव्हीसीचा धूर आणि प्रदूषण मंडळाची कारवाई. सोलण्याचं छोटं यंत्र घ्या. जळक्या तारेपेक्षा सोललेल्या तांब्याला भावही जास्त मिळतो.

विमा मिळतो, पण मालाची रक्कम कमी दाखवून हप्ता वाचवू नका. वीस लाखांचा माल दहा लाखांचा दाखवला आणि चार लाखांचा जळला, तर कंपनी प्रमाणात म्हणजे दोनच लाख देते.

१८. मालात विचित्र, जड, बंद पेटी किंवा बॉम्बसारखी वस्तू आली तर?

हात लावू नका, कापू नका, लोकांना लांब करा, ११२ वर फोन करा. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी बाजारात विद्यापीठातलं जुनं उपकरण भंगारात आलं. त्यात किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतं. ते तोडलं गेलं, अनेक जण आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. तीन पाकळ्यांचं चिन्ह, शिशाचं जाड आवरण, अकारण जड असलेला लहान डबा या खुणा कामगारांना चित्र दाखवून शिकवा. लष्करी सरावक्षेत्राजवळून आलेला कोणताही गोळा किंवा नळा रिकामा दिसला तरी जिवंत समजायचा.

१९. मोडीत किंवा रद्दीत जुनी मूर्ती, ताम्रपट, पोथ्या आल्या तर?

वितळवू नका, लगद्याला पाठवू नका. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. जमिनीत सापडलेला ऐवज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मोडी लिपीतले कागद वाड्यांच्या आवराआवरीत अजूनही किलोवर येतात. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला दाखवा. गठ्ठा सोडू नका, क्रम बदलू नका, आणि तो कोणत्या वाड्यातून आला ते चिठ्ठीवर लिहून त्यालाच बांधा.